रग्बी युनियन की रग्बी लीग? दोन्ही खेळलेल्या एका फ्लँकरचं उत्तर

प्रश्न असा आहे: पुण्यात कॉलेजकडून सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी) खेळणारा एक विद्यार्थी सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या एमएससीसाठी लीड्सला चालला आहे. तिथल्या विद्यापीठात युनियनचा संघ आहे आणि लीगचाही. उंची 5 फूट 7 इंच, वजन 72 किलो, पळायला चपळ, टॅकल ठीकठाक. कुठल्या संघात नाव द्यावं, दोन्ही खेळांत नेमका फरक काय, आणि प्रेक्षक म्हणून कुठला खेळ धरावा?

मी रग्बी शिकलो मुंबईत, म्हणजे युनियनच शिकलो. आपल्याकडे जे रग्बी आहे ते सगळं युनियनच्या घराण्यातलं. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरचं पंधरा-पंधरा जणांचं असो, नाहीतर 2025 च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीग असो. तिच्या नावात ‘लीग’ असली तरी ते सेव्हन्स होतं, युनियनचंच आटोपशीर रूप. पुढे नोकरीमुळे वेस्ट यॉर्कशरमध्ये राहायला गेलो आणि तिथे लीगशी गाठ पडली. इंग्लंडमधली व्यावसायिक लीग 1996 पासून उन्हाळ्यात खेळली जाते, हौशी क्लबही नंतर बहुतांशी त्याच वेळापत्रकावर आले. त्यामुळे हिवाळ्यात युनियन आणि उन्हाळ्यात लीग असं दोन्ही खेळता आलं. माझी जागा युनियनमध्ये ओपनसाइड फ्लँकर, म्हणजे टॅकल करून चेंडू हिसकावणारा फॉरवर्ड, पाठीवर 7 नंबर. लीगमध्ये सेकंड-रो. लीगचा 7 नंबर हाफबॅकचा असतो, संघाचा मेंदू. दोन्हींत आकडे उलट्या टोकांकडून मोजतात: युनियनमध्ये 1 नंबर प्रॉपचा, म्हणजे पुढच्या फळीतल्या भारदस्त खेळाडूचा, लीगमध्ये सगळ्यात मागे उभ्या फुलबॅकचा.

फरकांचे तक्ते तुम्हाला कुठेही मिळतील. युनियनमध्ये 15 खेळाडू, लीगमध्ये 13. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, 5 गुण आणि 4. पेनल्टी किकचे 3 आणि 2. ड्रॉप गोलचे 3, तर लीगमध्ये साधारणपणे 1. कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतरच्या किकचे, दोन्हीकडे 2, वेळ दोन्हीकडे 80 मिनिटं. लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) फक्त युनियनमध्ये. हे पाठ केलं तरी खेळ कळत नाही, कारण हे सगळे फरक एकाच मुळातून फुटलेले आहेत. ते मूळ असं: टॅकल झाल्यावर चेंडू कोणाचा? युनियन हा प्रश्न प्रत्येक वेळी उघडा ठेवते. लीगने तो टप्प्याटप्प्याने मिटवून टाकला. खेळाडूंची शरीरं, किक कधी मारायची, दमणूक कशी होते, प्रेक्षक कशावर ओरडतात, हे सगळं या एका निर्णयाच्या मागे येतं.

युनियनचा टॅकल आधी जवळून पाहू. समोरचा माणूस चेंडू घेऊन पळत आला, आमच्यापैकी एकाने त्याला पाडलं. पडलेल्याने चेंडू सोडायचा, पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं. मी तिथे पोहोचणारा पुढचा माणूस. त्यांचा मदतनीस येऊन मला धडकेपर्यंत माझ्या हातात दीड-दोन सेकंद असतात, कधी तेवढेही नसतात. तेवढ्यात मला आमच्या बाजूने सरळ आत यायचंय, कडेने शिरलो तर पेनल्टी. पाय फाकवून, खाली वाकून, स्वतःच्या पायांवर तोल धरून हात थेट चेंडूवर घालायचे. पडलेल्याच्या पाठीवर कोपर टेकवला तरी पेनल्टी. हात बसले की समोरून 110 किलोचा लॉक (दुसऱ्या फळीतला उंच फॉरवर्ड) येऊन खांद्यावर आदळतो. तो धक्का सोसून बोटं चेंडूवर टिकली, तर पंचाची शिट्टी माझ्या बाजूने वाजते: चेंडू सोडला नाही म्हणून त्यांच्यावर पेनल्टी. खेळ क्षणात उलटा फिरतो. मला रग्बीत यापेक्षा मोठा आनंद माहीत नाही. पण फ्लँकरचं खरं कौशल्य कुठे जायचं नाही हे ओळखण्यात असतं. दर रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, हात घालायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात बचावाची रांग विरळ होते आणि प्रतिस्पर्धी नेमके तिथून घुसतात.

आता लीग. टॅकल पूर्ण झाला की पंच ‘हेल्ड’ म्हणतो. चेंडू ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो आणि मागे उभा असलेला डमी-हाफ तो उचलून पास करतो. समोर एक किंवा दोन मार्कर, बाकीच्या सगळ्या बचावपटूंनी 10 मीटर मागे जायचं. असे सहा टॅकल मिळतात. सहावा झाला की चेंडू समोरच्यांना, म्हणून पाचव्यानंतर बहुतेक वेळा किक येते. इथे रक नाही, मॉल (चेंडूवाल्याभोवती उभ्याउभ्या होणारी ढकलाढकल) नाही, चेंडूवर हात घालायची मुभाच जवळपास नाही. म्हणजे माझ्या ज्या कामासाठी युनियनमध्ये मला संघात घेत होते, ते कामच इथे अस्तित्वात नव्हतं. 1906 मध्ये 15 चे 13 करताना जे दोन खेळाडू कमी केले ते दोन फ्लँकरच होते.

मग लीगमध्ये झगडा संपतो का? अजिबात नाही. चेंडूवरचा झगडा वेळेवर सरकतो. पडलेला माणूस किती लवकर उठून चेंडू मागे सरकवतो यावर पुढचा सगळा खेळ ठरतो. तो झटकन उठला तर आमची रांग 10 मीटर मागे पोहोचलेली नसते, आम्ही उलट्या पावली पळत असतो, आणि डमी-हाफ मधूनच सुसाट निघतो. म्हणून दोघा-तिघांनी मिळून त्याला पाठीवर पाडायचं, एकाने पाय धरायचे, एकाने छातीवर भार द्यायचा, आणि पंच ओरडेपर्यंत सुटायचं नाही. मेलबर्न स्टॉर्म या क्लबने यासाठी कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षक आणले आणि सगळ्या ऑस्ट्रेलियाने त्यांची नक्कल केली. ही कुस्ती फारच लांबायला लागली तेव्हा 2020 मध्ये एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीग स्पर्धेने नियम आणला: उठू देत नाही म्हणून उशीर केलात तर समोरच्या संघाची टॅकलची मोजणी पुन्हा शून्यापासून.

मराठी माणसाला लीगचा बचाव समजवायला कबड्डी पुरते. चढाईपटूला एकटा कोपरारक्षक पकडत नाही. तो चवडा धरतो तोवर शेजारचे साखळी बंद करतात, आणि साखळीतला एक जरी आधी सुटून पुढे गेला तरी चढाईपटू निसटतो. लीगमधली तेरा जणांची रांग तशीच एकमेकांकडे बघत, बोलत, एकदम पुढे सरकते. मी सेकंड-रोला गेलो तेव्हा माझ्या आतल्या बाजूला प्रॉप, बाहेरच्या बाजूला हाफ, आणि 80 मिनिटं सतत बोलणं: ‘वर चल’, ‘आत मी आहे’, ‘तुझा तो’. युनियनमध्ये फ्लँकर एकटा शिकारीसारखा हिंडू शकतो. लीगमध्ये एकट्याने हिंडलात तर तुमच्या जागेतून ट्राय होतो.

दमणुकीची जातही वेगळी. युनियनमध्ये 80 पैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात साधारण 35 मिनिटं असतो, लीगमध्ये 50 च्या पुढे. युनियनमध्ये स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड वाकून भिडतात तेव्हा, आठ जणांच्या जोराविरुद्ध ढकलून मांड्या पेटतात, मग लाइनआउटकडे जाताना श्वास मिळतो. लीगमध्ये श्वास मिळत नाही. टॅकल करा, उठा, 10 मीटर मागे पळा, वळा, पुढे या, पुन्हा टॅकल. ही फेरी सहा वेळा. समोरच्यांनी चेंडू परत मिळवला तर आणखी सहा. लीगच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूने एका सामन्यात 40 टॅकल करणं ही बातमी नसते. युनियनमधून आलेल्या चांगल्या दमाच्या खेळाडूलाही सुरुवातीला लीगमध्ये फेफे उडते. तो पळायला कमी पडत नाही, जमिनीवरून उठायला कमी पडतो.

उलट दिशेने गेलेल्याचं काय होतं, तेही एकदा सगळ्या जगाने पाहिलं. 1996 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या लीगचा बलाढ्य संघ विगन आणि युनियनचा तितकाच बलाढ्य संघ बाथ यांनी दोन सामने खेळायचे ठरवले, एक लीगच्या नियमांनी आणि एक युनियनच्या. 8 मे रोजी मँचेस्टरच्या मेन रोडवर लीगच्या नियमांनी विगन 82, बाथ 6. मार्टिन ओफायाने एकट्याने सहा ट्राय केले. 25 मे रोजी ट्विकनहॅमला युनियनच्या नियमांनी बाथ 44, विगन 19. दोन्ही सामने मिळतील तिथे पाहा, यापेक्षा चांगली शिकवणी नाही. पहिल्यात बाथच्या खेळाडूंना 10 मीटर मागे जाता येत नाही. दुसऱ्यात विगनच्या पुढच्या फळीला स्क्रम आणि मॉलमध्ये काय चाललंय ते उमगत नाही, पण चेंडू मोकळा झाला की तेच विगन पुन्हा धोकादायक दिसतं. दोन्ही संघांतले खेळाडू अव्वल होते. तरीही दुसऱ्याच्या घरात दोघेही पाहुणे ठरले.

हे दोन खेळ वेगळे कसे झाले ते सांगायलाच हवं, कारण लीड्सला गेल्यावर तो इतिहास तुम्हाला रस्त्यावर भेटेल. यॉर्कशर आणि लँकशरमधल्या गिरण्या आणि खाणींतले कामगार शनिवारी अर्धा दिवस काम करून मग खेळत. लांबच्या सामन्यासाठी तेही काम बुडायचं, मजुरी कापली जायची. क्लबांनी मागणी केली की बुडालेल्या वेळेची भरपाई द्या, सहा शिलिंग. लंडनमधल्या रग्बी फुटबॉल युनियन या संघटनेने 1893 मध्ये ती फेटाळली. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. आता पैसे द्यायचे म्हणजे ते तिकिटांतून यायला हवेत, आणि तिकीट काढणाऱ्याला चिखलातल्या ढिगाऱ्यात काय चाललंय ते दिसत नव्हतं. म्हणून 1897 मध्ये लाइनआउट गेला, 1906 मध्ये दोन खेळाडू कमी झाले आणि टॅकलनंतर पायाने चेंडू सरकवण्याची पद्धत आली. टॅकलची संख्या मात्र साठ वर्षं अमर्याद होती, चेंडू टिकवता येईल तितका टिकवा. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबने 1956 ते 1966 अशी सलग 11 विजेतेपदं त्याच काळात जिंकली. 1966 पासून चार टॅकलची मर्यादा आली, 1972 च्या सुमाराला ती सहावर स्थिरावली. आज जी लीग आपण बघतो तिची लय या सहाच्या आकड्यातून आली आहे.

युनियनने या फुटीची शिक्षा शंभर वर्षं दिली. लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला युनियनची दारं कायमची बंद. युनियन स्वतः व्यावसायिक झाली ती ऑगस्ट 1995 मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. फ्रान्समध्ये तर दुसऱ्या महायुद्धात विशी सरकारने 1941 मध्ये लीगवर बंदी घालून तिची मालमत्ता जप्त केली. ती जखम तिथे अजून विसरलेली नाही. वेल्समधून किती मुलं उत्तरेला गेली! कार्डिफच्या टायगर बेमधला बिली बोस्टन 1953 मध्ये विगनला गेला. वेल्सच्या युनियन संघाची जर्सी कृष्णवर्णीय खेळाडूला मिळणं त्या काळात दुरापास्त होतं. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन हल शहरात लीग खेळायला गेला आणि 1972 मध्ये त्याने ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून लीगचा विश्वचषक उंचावला. ब्रिटनच्या कुठल्याही मोठ्या खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय राष्ट्रीय कर्णधार. हल शहरात शिरणाऱ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे. बोस्टनला नाइटहूड मिळाला 2025 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, आणि हा मान मिळालेला तो लीगचा पहिला खेळाडू. युनियनवाल्यांना ‘सर’ कधीपासून मिळताहेत! मला युनियन जिवापाड प्रिय आहे, तरी या बाबतीत तिची बाजू घेता येत नाही.

मात्र ‘युनियन श्रीमंतांची, लीग गरिबांची’ हे सूत्र इंग्लंड आणि सिडनीच्या बाहेर नेऊ नका. वेल्समध्ये युनियन खाणकामगारांचाच खेळ होता. फिजीत तो गावागावांत आहे, आयर्लंडमध्ये लिमरिक शहरात गल्लीतला. न्यूझीलंडचं तर सांगायलाच नको. आणि पापुआ न्यू गिनीत लीग राष्ट्रीय खेळासारखी खेळली जाते, तिथे तिचा गिरण्यांशी काही संबंध नाही.

आता उलटा प्रवाह. 1995 नंतर दारं उघडल्यावर युनियनने लीगकडून सगळ्यात आधी घेतला तो बचाव. 2003 मध्ये विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडचा बचाव फिल लार्डरने बसवला होता, तो लीगचा माणूस. त्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय जेसन रॉबिन्सनने केला, तोही विगनमध्ये लीग खेळून आलेला. शॉन एडवर्ड्सने वेल्स आणि मग फ्रान्सचा बचाव घडवला. अँडी फॅरल विगनचा लीग कर्णधार होता. त्याने आयर्लंडला घडवलं आणि 2025 च्या दौऱ्यात ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा तो मुख्य प्रशिक्षक होता. आज युनियनच्या सामन्यात बचावाची सरळ रांग एकदम वर येताना दिसते, तिचा उगम विगन, सेंट हेलेन्स, लीड्स इथला. चेंडूवरचा झगडा काढून टाकल्यामुळे लीगने शंभर वर्षं फक्त रांगेवर विचार केला, आणि तो विचार युनियनने आयता उचलला. बदल्यात लीगला तितकं काही मिळालं नाही, ही माझी खंत आहे.

बघण्याबद्दल. लीग कंटाळवाणी आहे, पाच वेळा धडक आणि एक किक, असं युनियनवाले म्हणतात. ते चेंडूकडे बघत असतात म्हणून. तिसऱ्या-चौथ्या टॅकलला हाफबॅककडे बघा. तो चेंडू घेऊन आडवा सरकतो. त्याच्या आतल्या खांद्याच्या बाजूने एक सेकंड-रोअर बंदुकीतून सुटल्यासारखा येतो, आणि त्याच सेकंड-रोअरच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घालून बाहेर निघालेला असतो. समोरच्या बचावपटूला ठरवायचंय: पुढच्याला धरू की मागच्याला? त्याचा खांदा अर्धा वळला की हाफबॅक त्याच्या उलट पास देतो. हे सगळं एका सेकंदात, आणि सामन्यात पन्नास वेळा. किकही अशीच. स्वतःच्या 40 मीटरच्या मागून मारलेली किक समोरच्याच्या 20 मीटरच्या आत टप्पा खाऊन बाहेर गेली तर चेंडू पुन्हा आपला. युनियनला ही कल्पना इतकी आवडली की तिने 2021 मध्ये 50:22 या नावाने आपली करून घेतली.

आणि युनियन? तिला वेळ द्यावा लागतो. स्क्रम कोसळतात, पुन्हा लावले जातात, टीव्ही पंच चार-चार मिनिटं घेतो. पेनल्टी कशासाठी मिळाली ते मैदानातल्या अर्ध्या लोकांनाही कळत नाही. ही तक्रार खरी आहे आणि मला तिच्यावर उत्तर सापडलेलं नाही. पण चुरशीचा कसोटी सामना सुरू झाला की मला दुसरं काही नको असतं. 2023 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या: दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11. सगळ्या सामन्यात एकच ट्राय, पण प्रत्येक रक, प्रत्येक लाइनआउटमध्ये सामना फिरू शकत होता. लीगमध्ये पहिल्या दोन टॅकलना तुम्ही चहा ओतून घेऊ शकता. युनियनमध्ये तसा भरवसा नाही.

दोघांचा कळसही वेगळ्या जागी आहे. युनियन देशांचा खेळ आहे: फेब्रुवारी-मार्चमधली युरोपातल्या सहा देशांची सिक्स नेशन्स, विश्वचषक. क्लबचा पाया मात्र डळमळीत. इंग्लंडमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन मोठे क्लब 2022-23 च्या एकाच हंगामात बुडाले. लीगचा कळस क्लबांत आणि ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ या ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांच्या लढतीत. क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू सिडनीचे श्रीमंत क्लब पळवत आणि मग ते न्यू साउथ वेल्सकडून खेळत. 8 जुलै 1980 रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पहिल्यांदा जो तो आपल्या मूळ राज्याकडून उतरला. 35 वर्षांचा आर्थर बीट्सन क्वीन्सलंडचा कर्णधार, आणि क्वीन्सलंड 20-10 ने जिंकलं. तेव्हापासून दरवर्षी, बहुतेक वेळा मे ते जुलैमध्ये, हे सामने होतात, आता मालिका तीन सामन्यांची. भारतात दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुरू होतात, म्हणून आपल्याला बघायला सोयीचे. एकही लीग सामना न पाहिलेल्याला मी आधी हेच दाखवतो. माझं स्वतःचं मत विचारलंत तर: दर आठवड्याला बघायला लीग, वर्षातून दहा वेळा जीव मुठीत धरून बघायला युनियन, आणि खेळायला युनियन.

खेळायला युनियन का, तर तिच्यात प्रत्येक देहाला जागा आहे. बुटका आणि रुंद असाल तर प्रॉप, उंच आणि हडकुळे असाल तर लॉक, बारके आणि बडबडे असाल तर स्क्रम-हाफ. लीगमध्ये सगळे एकाच साच्याकडे सरकतात, कारण सगळ्यांना तेच करायचंय: पळा, धडका, उठा, मागे जा. तरी तुमच्या 5 फूट 7 इंचांची काळजी करू नका. लीड्स ऱ्हायनोज हा तिथला लीग क्लब ज्याला देव मानतो तो रॉब बरो 5 फूट 5 इंचांचा होता. 2011 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर सेंट हेलेन्सविरुद्ध त्याने चेंडू घेतला, टॅकल करायला आलेल्या हाताखालून वाकून निसटला, मग एका पावलात फुलबॅकला चकवून ट्राय केला. तो सामन्याचा मानकरी ठरला. 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला आणि जून 2024 मध्ये तो गेला. त्याचा कर्णधार केव्हिन सिनफील्डने लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याला उचलून अंतिम रेषा पार केली होती. लीड्सला गेलात की हेडिंग्लीला एक सामना बघाच, या माणसाबद्दल तिथले लोक कसे बोलतात ते ऐका.

आता तुमचा निर्णय. विद्यापीठांचे आपसांतले सामने बुधवारी दुपारी असतात, दोन्ही खेळांचे, म्हणून विद्यापीठाकडून एकच निवडावा लागेल. पहिल्या पंधरवड्यात दोन्हींच्या सरावाला जा, कुणी अडवणार नाही. पण माझा सल्ला: हिवाळ्यात विद्यापीठाकडून युनियन खेळा. कारण सरळ आहे, भारतात परत आलात की युनियन आणि सेव्हन्सच खेळणार. सेव्हन्समध्ये स्क्रम तीन-तीन जणांचा असतो, मॉल जवळपास दिसतच नाही. पंधरा जणांच्या रकमध्ये गर्दी, वेळ आणि पंचाची नजर कशी चालते ते इथे शिकता येईल. 72 किलोला जागा स्क्रम-हाफ किंवा विंग. स्क्रम-हाफ मागा. रकमधून चेंडू काढून दोन्ही हातांनी लांब पास द्यायची सवय सेव्हन्समध्ये सोन्यासारखी उपयोगी पडते.

मग एप्रिलमध्ये जवळच्या हौशी लीग क्लबला जा. लीड्सच्या आसपास, वेकफील्ड, कॅसलफर्ड, हडर्सफील्डपर्यंत असे क्लब आहेत आणि नवख्यालाही खेळू देतात. तुमचा ठीकठाक टॅकल तिथे सुधारेल, कारण पर्याय नसतो. डमी-हाफला खेळलात तर मधोमध टॅकल करावे लागतील पण शेजारी मोठे लोक असतील. हाफबॅकला खेळलात तर समोरचे 100 किलोचे सेकंड-रोअर मुद्दाम तुमच्यावरच धावतील, पुन्हा पुन्हा. ते हेरून करतात, त्यात द्वेष नसतो. त्याचा उपाय तंत्रात आहे: पाय जवळ न्या, डोकं त्याच्या मागच्या बाजूला ठेवा, खांदा मांडीवर, आणि हात घट्ट मिटा. थांबून वाट बघितलीत तर तो तुम्हाला तुडवून जाईल, दोन पावलं पुढे गेलात तर त्याचा वेगच पुरा होत नाही.

डोक्याबद्दल गंभीरपणे सांगतो. दोन्ही खेळांच्या माजी खेळाडूंनी मेंदूच्या इजांवरून आपापल्या संघटनांवर दावे केले आहेत. 2003 च्या विजेत्या इंग्लंडचा हुकर (स्क्रमच्या पुढच्या फळीतला मधला खेळाडू) स्टीव्ह थॉम्पसनला तो विश्वचषक जिंकल्याचं आठवत नाही. 2023 पासून इंग्लंडच्या हौशी युनियनमध्ये टॅकल छातीच्या खालीच करावा लागतो, आणि लीगही टॅकल खाली आणण्याच्याच मार्गावर आहे. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, दिवा डोळ्यांत खुपायला लागला, तर त्या दिवशी खेळ संपला, कुणी कितीही विनवलं तरी. परतायचं ते ठरलेल्या टप्प्यांनीच. दंतवैद्याकडून मापाचा माउथगार्ड करून घ्या, दुकानातला उकळून बसवायचा आठ दिवसांत सैल होतो.

एक शेवटची सूचना, कारण ही वेळ तुमच्यावर नक्की येईल. विद्यापीठाच्या खालच्या संघांना पुढच्या फळीत माणसं कमी पडतात, आणि कुणीतरी तुमची उंची बघून म्हणेल, आज हुकरला उभा राहा. स्क्रममध्ये हुकरच्या मानेवर दोन्ही बाजूंचा जोर येतो, आणि ती जागा प्रशिक्षकाने आठवडेच्या आठवडे शिकवल्याशिवाय घ्यायची नसते. स्पष्ट नाही म्हणा. तयार पुढची फळी नसेल तर पंच बिनजोराचे स्क्रम लावतो, सामना तरीही पूर्ण होतो.